ड्रिल-ग्राइंडर मध्येच बंद पडतंय? ‘मोटर जळाली’ म्हणण्याआधी हे तपासा

काम ऐन रंगात आलेलं असतं, ग्राइंडर हातात असतो आणि तो एकदम गप्प होतो. बटण दोनदा खालीवर केलं, अंगावर एक थापटी मारली की पुन्हा सुरू. पंधरा दिवसांनी तो थापटीलाही दाद देत नाही आणि मग ‘मोटर जळाली’ असा निकाल लागतो. हा निकाल घेऊन माझ्या बाकावर आलेल्या बहुतेक मशीनांची मोटर शाबूत निघाली आहे. बिघाड सापडतो तो हलणाऱ्या, वाकणाऱ्या किंवा झिजणाऱ्या जागी, आणि अशा जागा मशीनमध्ये मोजक्याच असतात.

पुढचं सगळं वायरीवर चालणाऱ्या, कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोहोचवणारे तुकडे, बोलीत नुसते ‘कार्बन’) असलेल्या मशीनांबद्दल आहे: हँड ड्रिल, अँगल ग्राइंडर, जिगसॉ, राउटर, मार्बल कटर. ब्रशलेस बॅटरी मशीनमध्ये कार्बनच नसतो, त्यामुळे त्याला यातलं फारसं लागू नाही.

आधी लक्षण नीट ओळखा

- थापटी मारली किंवा मशीन हलवलं की चालू होतं: कार्बन अडकलाय किंवा संपलाय.
- वायर एका ठरावीक कोनात धरली तरच चालतं: मशीनच्या तोंडाशी वायर आतून तुटली आहे.
- थोडं काम झालं की प्लग गरम लागतो: सॉकेट किंवा प्लगची पिन सैल आहे.
- ड्रिलचा वेग कमी करताच येत नाही, ट्रिगर जरा दाबला की एकदम पूर्ण वेग: ट्रिगर स्विचमधलं इलेक्ट्रॉनिक्स गेलं.
- मागच्या झरोक्यातून मोठ्या ठिणग्या दिसतात, पण ताकद ठीक आहे: कार्बन, त्याची स्प्रिंग किंवा बेअरिंग.
- ठिणग्यांचं अख्खं कडं फिरतंय, ताकद पडली आहे, करपट वास येतोय: इथे मात्र आर्मेचरचा, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाचा, संशय खरा असू शकतो. लगेच बंद करा.
- गुरगुरतं पण फिरत नाही: गिअर किंवा बेअरिंग जाम.
- बटण दाबताच एमसीबी पडतो, किंवा बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात: पुढचं वाचून झालं तरी हे मशीन स्वतः चालवून बघू नका.

लक्षण कागदावर लिहून ठेवायची मला सवय आहे. मशीन उघडल्यावर आत इतकी धूळ आणि इतके तुकडे दिसतात की आपण शोधत काय होतो तेच विसरायला होतं.

मशीन न उघडता

पहिली गोष्ट लाजिरवाणी आहे, पण सांगतो. ड्रिलचा उलट-सुलट फिरवायचा लिव्हर मधोमध अडकला असेल तर ड्रिल चालत नाही. काही ड्रिलांत ट्रिगर दाबलाच जात नाही, काहींत दाबला जातो पण आत संपर्क होत नाही. मी एकदा अख्खं ड्रिल उघडून, झाडून, परत बसवून मग हा लिव्हर सरकवला आहे. तेव्हापासून तो सगळ्यात आधी पाहतो.

दुसरं, सॉकेट बदला. एक्स्टेंशन बाजूला ठेवून मशीन थेट भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा. तिथे नीट चाललं तर मशीनला दोष नाही. आणि तेच एक्स्टेंशन उद्या दुसऱ्या कुठल्या यंत्राला लावाल, म्हणून त्याचा आजच निकाल लावा.

एक्स्टेंशनची वायर लांब आहे म्हणून ताकद मिळत नाही, असं सर्रास बोललं जातं. हिशोब केला तर चित्र वेगळं निघतं. ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या २० मीटर लांब वायरीत, जाण्यायेण्याचे दोन्ही धागे धरून, सुमारे १ ओहम रोध असतो. २३० व्होल्टवर चालणारा ८५०-९०० वॅटचा ग्राइंडर जवळपास ४ अँपिअर घेतो. म्हणजे वायरीत ४ व्होल्ट पडले. मशीनला ते कळणारही नाही. पण सॉकेटमधली एक पिन सैल होऊन तिथेच १ ओहम रोध तयार झाला तर? व्होल्ट तेवढेच पडतात, आणि उष्णता तयार होते १६ वॅट. वायरीत हीच उष्णता २० मीटरवर पसरते. पिनेवर ती वाटाण्याएवढ्या जागेत साठते, जवळपास एका लहान सोल्डरिंग आयर्नइतकी. प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं, पितळेची पत्ती मऊ होऊन आणखी सैल पडते, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते.

म्हणून पाच मिनिटं काम करून मशीन बंद करा, प्लग काढा, क्षणभर थांबा आणि उलट्या हाताने पिना चाचपून बघा. कोमट असतील तर ठीक. हात ठेववत नसेल तर सॉकेट बदलायला हवं. नुसता प्लग बदलून भागत नाही, कारण जळकी पत्ती नव्या पिनेलाही तशीच जाळते. पिना स्क्रू-ड्रायव्हरने फाकवून घट्ट बसवायचा उपाय काही दिवसच टिकतो.

रिळावर गुंडाळलेलं एक्स्टेंशन असेल तर ते पूर्ण उलगडून वापरा. ९ अँपिअर घेणारा मोठा २००० वॅटचा ग्राइंडर वरच्याच वायरीवर चालवला तर वायरीत ८० वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. जमिनीवर पसरलेली वायर ती उष्णता हवेत टाकत राहते. रिळावरच्या आतल्या वेढ्यांना मात्र ती उष्णता टाकायला जागाच नसते. अशा मशीनला १.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, रोध निम्मा होतो.

वायरीची मान

मशीनमध्ये वायर शिरते तिथे रबरी बाही असते. ही बाही संपते त्या जागी वायर रोज वाकते, आणि वरचं आवरण धड दिसत असताना आतले तांब्याचे बारीक धागे एकेक करून तुटत जातात. शेवटचे चार-पाच धागे उरले की मशीन चालतं, पण जोर दिला की अडखळतं. बाहेरून काहीच दिसत नाही म्हणूनच इथे लोक फसतात.

चाचणी सोपी आहे. प्लग काढून ठेवा. बाहीपासून पुढे वायर दोन बोटांत धरून इंच-इंच वाकवत जा. तुटलेल्या जागी ती बाकीच्या वायरीपेक्षा लुळी लागते. हलकेच ताणली तर त्याच जागी आवरण रबरासारखं लांबतं, कारण आत धरून ठेवायला तांबं उरलेलं नसतं. मल्टिमीटर असेल तर कंटिन्युइटीवर (वायर अखंड असेल तर बीप देणारी पायरी) ठेवा, एक टोक प्लगच्या पिनेला, दुसरं मशीनच्या आत स्विचपाशी (त्यासाठी हँडलचं झाकण उघडावं लागेल), आणि वायर हलवत राहा. बीप तुटली की जागा सापडली. टेस्टरच्या दिव्यावर इथे भरवसा ठेवू नका. फेज पोहोचतोय एवढंच तो सांगतो, न्यूट्रल तुटली असेल तर त्याला पत्ताही नसतो.

तुटलेल्या जागेच्या पुढे १०-१५ सेंटिमीटर वायर कापून टाका, उरलेली नव्याने आत घ्या. मधोमध जोड मारून टेप गुंडाळू नका. ग्राइंडरची वायर जमिनीवर घासते, ओढली जाते, पाण्यातून जाते. वायर आत घेतल्यावर ती पकडणारी छोटी पट्टी दोन्ही स्क्रूंनी घट्ट बसली पाहिजे. या पट्टीशिवाय बसवलेली वायर एका ओढीत स्विचमधून सुटते आणि फेजचं उघडं टोक बॉडीत मोकळं फिरू लागतं.

कार्बन

आता मुख्य संशयित. मोटरचा फिरणारा भाग म्हणजे आर्मेचर. त्याच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं नळकांडं असतं, तो कॉम्युटेटर. दोन बाजूंनी दोन कार्बन स्प्रिंगच्या जोरावर त्याला टेकून असतात आणि फिरत्या भागाला वीज पोहोचवतात. कार्बन झिजणं हा दोष म्हणता येत नाही. तांबं वाचावं म्हणून त्याने झिजायचंच असतं. दोष असतो तो झिजलेल्या कार्बनवर मशीन चालवत राहण्यात. कार्बन आखूड झाला की स्प्रिंग पूर्ण पसरते, तिचा दाब कमी होतो, कार्बन कॉम्युटेटरवर नाचायला लागतो, आणि प्रत्येक उडीला एक ठिणगी तांब्याचा कण घेऊन जाते. स्वस्तातला भाग वाचवताना महागातला खाल्ला जातो.

बऱ्याच मशीनांना बाहेरूनच, दोन बाजूंना, खाच असलेली गोल झाकणं असतात. मोठ्या सपाट स्क्रू-ड्रायव्हरने ती फिरवा. अंगठा वर धरा, नाहीतर स्प्रिंग उडून बाकाखाली जाते आणि उरलेला रविवार ती शोधण्यात जातो. कार्बन काढताना कुठला कुठल्या बाजूचा आणि कुठली कड वर होती, यावर पेन्सिलने खूण करा. त्याच्या तोंडाला कॉम्युटेटरची गोलाई आलेली असते. उलटा बसवला तर नुसत्या कडा टेकतात आणि नवीच ठिणगीबाजी सुरू होते.

काय बघायचं?

लांबी. मूळच्या एक तृतीयांश उरला किंवा ५-६ मिलिमीटरच्या खाली गेला की बदला. काही कार्बनांवर मर्यादेची रेघ कोरलेली असते. दोन्ही सारखे झिजलेत का तेही बघा. एक अर्धा आणि एक संपलेला असेल तर संपलेल्या बाजूची स्प्रिंग फार जोर लावते आहे, किंवा अर्धा उरलेला अडकून बसला आहे.

शेपटी. कार्बनच्या पाठीतून तांब्याची विणलेली वायर निघते, वीज तिच्यातून जाते. ती तुटली तर वीज स्प्रिंगमधून जायला लागते, स्प्रिंग तापून निळसर होते आणि तिचा ताण मरतो. असा कार्बन लांब असला तरी कामाचा नाही. स्प्रिंगही बदलायला लागते.

घर. कार्बन आपल्या पितळी घरात स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. आत बोटाने ढकलावा लागत असेल तर तो अडकतोय, आणि थापटीने चालू होणाऱ्या मशीनचं गुपित बहुधा हेच असतं. कोरड्या फडक्याने घर पुसा, कोपऱ्यातली काळी भुकटी आगकाडीने खरवडा. गरज वाटली तर कार्बनच्या बाजू सपाट ठेवलेल्या बारीक काचपेपरवर दोन-तीनदा घासा. गंज सोडवणारा स्प्रे इथे मारू नका. तेल आणि कार्बनची भुकटी मिळून लगदा होतो, तो घरात चिकटतो आणि वीजही वाहून नेतो. मी सुरुवातीला हे उत्साहाने करायचो. मशीन दोन दिवस छान चालायचं.

पूर्ण झिजण्याआधी स्वतःहून मशीन बंद पाडणारे कार्बनही असतात. त्यांच्या पोटात स्प्रिंगवर एक छोटी प्लास्टिकची खुंटी असते. कार्बन मर्यादेपर्यंत झिजला की ती बाहेर येते आणि कार्बनला तांब्यापासून उचलते. असं मशीन काल ठणठणीत आणि आज एकदम मेलेलं असतं, मध्ये अडखळणं नाही की ठिणगी नाही. ‘मोटर जळाली’ची सर्वांत निरपराध केस हीच.

नवा कार्बन आणताना जुना सोबत न्या. जाडी आणि रुंदी तंतोतंत हवी. किंचित मोठा घासून बसवता येतो, पण बाजू समांतर राहायला हव्यात. लहान कधीच चालत नाही, तो घरात डुगडुगतो. आणि बदलायचे ते जोडीने. बसवल्यावर दहा-पंधरा मिनिटं मशीन बिनभाराचं चालवा, म्हणजे तोंडाला गोलाई येते. या वेळात बारीक निळसर ठिणग्या दिसणं साहजिक आहे. ग्राइंडर असेल तर चकती काढून ठेवा.

नवा कार्बन महिन्याभरात संपला तर

इथे थांबून विचार करा. असं मशीन घेऊन माणूस तिसऱ्यांदा येतो तेव्हा तो ‘कार्बन डुप्लिकेट मिळतात’ म्हणून चिडलेला असतो. कधी कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा कार्बनला कोणीतरी खातंय, आणि आपण खाणाऱ्याला नवा घास देतोय.

पहिला खाणारा म्हणजे धूळ. मोटरचा पंखा मागच्या झरोक्यातून हवा ओढतो आणि पुढून फेकतो. ग्राइंडर लोखंडाची भुकटी ओढतो, ड्रिल सिमेंटची. छताला भोक पाडताना सगळी भुकटी थेट खाली, मशीनवर येते. मी कापलेल्या प्लास्टिकच्या डब्याच्या बुडाला भोक पाडून तो ड्रिलच्या बिटवर उलट्या छत्रीसारखा, तोंड वर करून धरतो. दिसायला हास्यास्पद आहे, पण भुकटी डब्यात राहते. काम संपल्यावर मशीन बिनभाराचं चालू ठेवून झरोक्यात हवेचा हलका झोत सोडा, अंगणात, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावून. कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब लावू नका, तो भुकटीला तारांच्या गुंडाळ्यांत आणखी खोल ठोकतो.

दुसरा खाणारा म्हणजे आपला हात. मोटर फिरते तेव्हा ती आपणहून विजेला उलटा दाब देत असते. मशीन दाबून दाबून तिचा वेग पाडला की तो दाब कमी होतो आणि प्रवाह वाढतो. पंखा त्याच शाफ्टवर असल्यामुळे तोही मंदावतो. म्हणजे आतली आग वाढते नेमक्या त्याच वेळी वारा पडतो. मशीनचा आवाज खाली गेला की हात सैल करावा. जड काम झाल्यावर मशीन लगेच टेकवण्यापेक्षा मिनिटभर मोकळं फिरू द्यावं, पंखा आतली उष्णता बाहेर काढतो.

हे दोन्ही नसतील तर कॉम्युटेटर आणि बेअरिंग. त्यासाठी मशीन उघडावं लागतं.

उघडायचंच असेल तर

प्लग काढून तो डोळ्यांसमोर बाकावर ठेवा, कुणी येऊन लावणार नाही अशा जागी. काढलेल्या प्लगच्या पिनांनाही लगेच बोट लावू नका. काही मशीनांत आवाज दाबणारा कपॅसिटर असतो, तो क्षणभर चटका देऊ शकतो. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. मी पुठ्ठ्यावर मशीनचा ओबडधोबड आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचतो.

दोन अर्धकांचं ड्रिल स्क्रू वर ठेवून, आडवं झोपवून उघडायचं, वरची बाजू सरळ वर उचलायची. ग्राइंडरचं तंत्र वेगळं. त्याचं पुढचं गिअरचं डोकं आर्मेचरसकट बाहेर येतं, आणि त्याआधी दोन्ही कार्बन काढलेच पाहिजेत. विसरलात तर आर्मेचर बाहेर ओढताना बेअरिंग कार्बनवर अडकतं आणि नवेकोरे कार्बन तुटतात.

स्विच आधी बघा, तो समोरच असतो. त्याच्या टर्मिनलवर वायर सैल आहे का, प्लास्टिक करपलंय का. साध्या ऑन-ऑफ स्विचचं मीटरने दोन मिनिटांत कळतं: चालू केल्यावर बीप, बंद केल्यावर शांतता. वेग कमी-जास्त करणाऱ्या ट्रिगरला ही चाचणी लावली तर फसगत होते. त्यातला ट्रायॅक (वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग) मीटरच्या दीड-दोन व्होल्टवर चालू होत नाही, म्हणून चांगला स्विचही मीटरवर मेलेला दिसू शकतो. असा स्विच मी बाकीचं सगळं तपासून झाल्यावर, शेवटी बदलतो. आत धूळ जाऊन बिघडलेला स्विच फोडून साफ करायच्या फंदात पडू नका. त्यातल्या पत्त्या आणि स्प्रिंगा जागेवर परत बसवण्यात संध्याकाळ जाते आणि नवा स्विच तसाही घ्यावा लागतो.

कॉम्युटेटर निरोगी असेल तर गुळगुळीत आणि फिकट तपकिरी दिसतो. हा तपकिरी थर चांगला आहे, त्याच्यामुळेच कार्बन सहज घसरतो. चकाकी आणायच्या हौसेने तो घासून काढू नका. सगळीकडे सारखा काळपट असेल तर बारीक काचपेपरची पट्टी गुंडाळून हलक्या हाताने फिरवा. एमरी पेपर टाळा, त्याचे कण पट्ट्यांच्या फटींत अडकले की पुन्हा ठिणग्या. फटींतली काळी भुकटी टोकदार काडीने काढा. नखाला लागेल एवढी खाच पडली असेल तर काचपेपरने ती जात नाही. तो कॉम्युटेटर लेथवरच कातावा लागतो.

सगळ्या पट्ट्या ठीक आणि दोनच शेजारच्या काळ्याकुट्ट, कडा खाल्लेल्या, असं दिसलं तर त्या दोघींमधली गुंडाळी तुटली आहे. हे आर्मेचर गेलेलंच समजा.

बेअरिंगसाठी आर्मेचर हातात धरून बेअरिंगचं बाहेरचं कडं बोटाने सावकाश फिरवा. चांगलं बेअरिंग तेलकट, मऊ फिरतं. खरखर लागली किंवा आडवं हलवल्यावर जाणवण्याइतकं डुललं तर बदला. कॉम्युटेटरकडचं छोटं बेअरिंग जास्त धूळ खातं, आणि ते डुललं की अख्खं आर्मेचर कार्बनखाली थरथरतं. कार्बन खाणारा मला सर्वांत जास्त वेळा सापडला तो हाच. नंबर कडेवर कोरलेला असतो. लहान मशीनांत ६०७ आणि ६०८ नेहमी भेटतात. ६०७ म्हणजे आतलं भोक ७, बाहेरचा व्यास १९, जाडी ६ मिलिमीटर. ६०८ म्हणजे ८, २२ आणि ७. बदली घेताना दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं घ्या. बसवताना दाब आतल्या कड्यावरच द्या, बाहेरच्या कड्यावर हातोडी मारली की नवं बेअरिंग बसतानाच मेलं. काढायला पुलर हवा. दोन स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटताना मी एकदा कॉम्युटेटरची पट्टीच वाकवली होती. अख्खं आर्मेचर बदलावं लागलं. पुलर नसेल तर हे एवढं काम बाहेरून करून घ्या. बेअरिंगवर रबरी टोपी असेल तर तीही सैल पडली नाही ना ते बघा. ती सैल असेल तर नवं बेअरिंग घालूनही थरथर तशीच राहते.

आर्मेचर आणि फील्ड

मीटर ओहमच्या सर्वांत खालच्या पायरीवर ठेवा. कॉम्युटेटरच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवर टोकं टेकवत पूर्ण फेरी मारा. आकडा किती येतो याला महत्त्व नाही, सगळीकडे सारखा यायला हवा. एखाद्या जोडीवर तो बराच चढला तर गुंडाळी तुटली. शॉर्ट मात्र घरगुती मीटरला बहुधा दिसत नाही, कारण मुळात हे आकडे एका ओहमच्या आतबाहेर असतात. त्यासाठी वाइंडिंगवाल्याकडचा ग्राउलर लागतो. म्हणून मीटरवर सगळं सारखं आलं तरी आर्मेचर चांगलं आहे असा दाखला मी देत नाही. पुढे कुठल्याही पट्टीवर एक टोक आणि शाफ्टवर दुसरं: बीप आली तर वीज लोखंडात उतरते आहे. फील्डच्या, म्हणजे आर्मेचरभोवती बॉडीत स्थिर असलेल्या, दोन गुंडाळ्यांचे आकडे आपापसात जुळले पाहिजेत, आणि लोखंडी गाभ्याशी त्यांची बीप येता कामा नये.

बरेच जण इथे सिरीज बल्ब, म्हणजे मशीनच्या वाटेत एकामागे एक जोडलेला बल्ब, लावून बघतात. लावा, फ्यूज वाचतो. पण निदान त्यातून होत नाही. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब पेटल्यावर ५०० ओहमच्या वर असतो, थांबलेली मोटर मोजक्या ओहमची. मोटर शॉर्ट असो वा धडधाकट, ती फिरली नाही तर बल्ब जवळपास पूर्णच पेटतो.

कुठे थांबायचं

एमसीबी पडत असेल, झिणझिण्या येत असतील, मीटरवर शाफ्टशी किंवा गाभ्याशी बीप आली असेल, तर मशीन प्लगला न लावता दुरुस्तीवाल्याकडे द्या. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या मशीनला अर्थिंगची वायर नसते, दोनच धागे असतात. त्याची सगळी सुरक्षितता आतल्या दुहेरी आवरणावर असते, आणि ते कुठे फाटलंय हे डोळ्यांनी कळत नाही.

आर्मेचर किंवा फील्ड गेलं तर रिवाइंडिंग घरी करू नका. लहान आर्मेचर गुंडाळून झाल्यावर त्याचा तोलही साधावा लागतो. १०० मिलिमीटर चकतीचा ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, आणि आर्मेचर गिअरच्या अलीकडे असल्याने त्याहूनही जोरात. नवं आर्मेचर विकत घेणार असाल तर आधी दुरुस्तीवाल्याकडून फील्ड तपासून घ्या. जळकं फील्ड नवं आर्मेचरही जाळतं.

कार्बनचं घर वितळून वाकडं झालं असेल, बॉडीला तडा असेल, गिअरचे दात तुटले असतील, तर तेही त्याच्याकडेच. ग्राइंडरचं गार्ड बसत नसेल तर मशीन दुरुस्त झालं असं धरू नका, मग मोटर कितीही गोड आवाजात चालो.

सगळं बसवून झाल्यावर पहिली चाचणी चकती किंवा बिट न लावता, दोन्ही हातांत धरून, तोंड बाजूला ठेवून घ्या. मिनिटभर चालवा, बंद करा, वास घ्या, प्लग चाचपा. मग मशीन खुंटीला टांगताना वायर त्याच्याभोवती करकचून गुंडाळू नका. मोठं सैल वेटोळं करून शेजारच्या दुसऱ्या खुंटीला अडकवा, म्हणजे मानेवर ताण येत नाही. मी हँडलवर मास्किंग टेपची एक पट्टी चिकटवून त्यावर कार्बन बदलल्याची तारीख लिहितो, आणि काढलेली जोडी तीच तारीख टाकून डबीत ठेवतो. पुढच्या वेळी तेच मशीन आलं की दोन तारखांमधलं अंतर बघायचं. ते अंतर कमी झालं असेल तर नवे कार्बन आणायच्या आधी मी बेअरिंग हातात घेतो.